चाळीसचा काटा आणि विमलताईंचा पाट

"फुलसावंगीत गुप्तहेर एकच, तो म्हणजे मी. माझ्यासमोरून मुंगी बी दबकून जाते," असं पंजाबराव ओळख नसलेल्यालाही थांबवून सांगत. तीस वर्षं गावाच्या नळाला पाणी सोडून ते निवृत्त झाले आणि लगेच गुप्तहेर झाले. किती गुप्त, ते चौकातल्या पाटीवर फोटोसकट लिहिलं होतं. पाटी संघदीप टेलरच्या भिंतीवर, म्हणून संघदीप त्यांचा सहायक. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

त्या मंगळवारी किसनराव रडकुंडीला येऊन दुकानात शिरले. त्यांची जुनी जीप आजवर चाळीसच्या वर गेली नव्हती. बायकोची, विमलताईंची, तशी अटच होती. पण पंधरा दिवसांपासून जीप उमरखेडला एसटीच्या आधी पोचू लागली. विमलताईंनी मुकाट्यानं किल्ली काढून घेतली आणि पदराला बांधली.

"काटा चाळीसवरच असते, देवाशपथ!" किसनराव म्हणाले. "रविवारी नातीचं बारसं हाय उमरखेडले. जावयासमोर मी एसटीतून उतरू काय?"

संघदीपला फार वाईट वाटलं. पंजाबरावांना मात्र आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "केस घेतली! संघदीप, टेप घे."

किसनरावांच्या अंगणात जीप उभी होती, तिच्या दाराखाली एक लाकडी पाट. पंजाबरावांनी पाट ओढला, त्यावर ठाण मांडलं आणि तपास सुरू केला. संघदीपनं काट्याची लांबी मोजली, आकड्यांमधलं अंतर मोजलं, शेवटी किसनरावांची उजवी चप्पलही मोजली.

"एसटीच हळू चालून राह्यली," पंजाबराव म्हणाले. "डायवर फितूर हाय."

"एसटी टाइमावरच पोचते. माझा साडू कंडक्टर हाय तिच्यावर," संघदीप म्हणाला.

"मंग उमरखेड जवळ सरकलं. वस्ती वाढून राह्यली ना! आपल्या बाजूनं फुगलं गाव."

किसनराव मान डोलावू लागले. संघदीपनं कपाळाला हात लावला.

"आता शेवटचं ऐका." पंजाबरावांनी आवाज खाली आणला. "काटा वयनीले भेते. चाळीसच्या पुढं जाची त्याची हिंमतच नाई."

हे संघदीपलाही पटल्यासारखं वाटलं. विमलताईंना अख्खं गाव भीत होतं, काट्याचं काय घेऊन बसलात!

तेवढ्यात विमलताई बाहेर आल्या. "भाऊजी, उठा. माझा पाट द्या. जीपीत पिशवी राह्यली माझी."

"पिशवीले पाट कायले, वयनी?"

"मंग उडी मारू काय? आधी पाय सहज पोचे. पंधरा दिवस झाले, पाटाबिगर चढताच येत नाई."

"वय झालं का गुडघे..." पंजाबराव सुरू झाले, पण विमलताईंनी नुसतं पाहिलं आणि ते उठून उभे राहिले.

संघदीप खाली वाकला. आतापर्यंत एवढीच वस्तू मोजायची राहिली होती. "किसनभाऊ, हे टायर?"

"बदलले ना. वावरात बुड घासत होतं जीपीचं. भाच्यानं त्याच्या मोठ्या गाडीचे काढलेले दिले. स्टेपनी तेवढी जुनीच राह्यली."

संघदीपनं दोन्हींवर टेप फिरवली. "अहो, चाक मोठं झालं! एका फेऱ्यात जास्त रस्ता कापते. काटा बिचारा फेरेच मोजते, त्याले टायरचं कोन सांगन? तो चाळीस दाखवे, तवा जीप सत्तेचाळीसनं पळे. खरे चाळीस पाह्यजे तर काटा चौतीसवर ठेवा."

"म्हंजे मी खोटा नाई!" किसनरावांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

विमलताईंनी कपाळावरची टिकली काढली आणि मीटरच्या काचेवर चौतीसच्या आकड्याशी दाबून चिकटवली. मग पदराची गाठ सोडली. "घ्या किल्ली. काटा टिकलीपुढं गेला का मी उतरली."

रविवारी उमरखेडच्या वाटेवर एसटी जीपला मागं टाकून गेली. खिडकीतून संघदीपच्या कंडक्टर साडूनं हात हलवला. किसनरावांची छाती अभिमानानं फुगली; आयुष्यात कुणी मागं टाकल्याचा इतका आनंद त्यांना झाला नव्हता. शेजारी विमलताई निवांत बसल्या होत्या, कपाळावर नवी टिकली लावून.

"पाह्यलं?" मागच्या सीटवरून पंजाबराव म्हणाले. "पुरावा मी पहिल्या मिनिटापासून ताब्यात ठेवलता."

 ज्या पाटावर ते ठाण मांडून बसले होते, तो आता संघदीपच्या मांडीवर होता.