एकशे तीस किलोचा लेडीज टेलर

दुबईत माणूस केवळ कर्तृत्वावर मोठा होतो, असं उपेंद्र सबनीस गावाहून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवत. तो नेमका कोण होतो, हे मात्र मालकाच्या व्हिसा-कोट्यात कुठली जागा रिकामी आहे त्यावर ठरे. खुद्द सबनीस करामातल्या एका जिमचे मॅनेजर होते आणि लेबर कार्डावर गवंडी.

१९९९ साली मालकाने ब्रॅडली नावाचा प्रशिक्षक आणला. हा गृहस्थ अमेरिकेत व्यावसायिक फुटबॉल खेळलेला. तो तिकडचा, चेंडू काखेत मारून समोरच्याला आडवं करत पळायचा. गुडघे गेले, पाठोपाठ कारकीर्द गेली. कोट्यात प्रशिक्षक नव्हता. मालकाच्याच बुटीकमधली एक जागा होती: लेडीज टेलर.

"नुसता कागद आहे, हबीबी," सबनीसांनी त्याला समजावलं. "मी नाही का गवंडी?"

पुढच्याच महिन्यात तपासणी निघाली. कार्डावरचं काम करताना जो दिसणार नाही, तो थेट मायदेशी. इकडे सबनीसांच्या लेकीची, अस्मीची, दहावी. त्यांनी निमूटपणे गवंडीकामाची एक थापी विकत आणली आणि ब्रॅडलीला शिवण शिकायला बुटीकच्या साजिदाबाईंच्या हवाली केलं.

"धीरे, भाईजान," साजिदाबाई म्हणत. "कपडा भाग नहीं रहा."

निरीक्षक आला तेव्हा ब्रॅडली मशीनमागे गुडघे कोंबून अस्तर लावत होता, सबनीस जिमच्या दारात भिंत रचत होते आणि साजिदाबाई, ज्या कार्डावर स्वयंपाकीण होत्या, कांदा परतत होत्या.

"टेलर उत्तम," निरीक्षक म्हणाला. "भिंत वाकडी आहे. पुन्हा येईन, इन्शाल्ला."

कधी ते त्याने सांगितलं नाही. म्हणून कोणी जागचं हललं नाही. दाराशी भिंत उभी राहिल्याने जिम बंद पडली. बुटीक मात्र तुफान चाललं.

वर्षअखेरीस मराठी मंडळाने आंतरराष्ट्रीय खेळाडू म्हणून ब्रॅडलीचा सत्कार केला. श्रीफळ हाती येताच त्याने ते सवयीने काखेत मारलं. सबनीस भाषणात म्हणाले, "खऱ्या कर्तृत्वाला कागदाची गरज नसते." टाळ्या कडाडल्या. वाजवणाऱ्यांत चार सुतार, दोन ड्रायव्हर आणि बाकी गवंडी होते. सगळे बँकेत कामाला.

व्यासपीठाखाली सबनीसांच्या पत्नी, सुमेधाताई, पिशवी घेऊन उभ्या होत्या. "भाऊ, पैठणी आहे. गुरुवारपर्यंत फॉल-पिको होईल?"

"होईल," म्हणत ब्रॅडलीने पिशवी घेतली आणि तो अदबीने सबनीसांकडे वळला.

"सर, गुरुवारी साडी न्यायला येताना थापी आणाल का? माझ्या बाथरूममधली एक फरशी हलतेय."