शून्य द्वेषाचा विभाग

ज्या गोष्टीची नोंद नाही, ती घडलेली नसते. हे सत्य मला माझी बायको गेली त्या दिवशी समजलं. तिचं कपडे शिवायचं दुकान जमावाने बाहेरून कडी घालून पेटवलं, आणि पोलिसांनी मला कारण सांगितलं : कापड लवकर पेट घेतं. (खरं आहे. तीही हेच म्हणायची, म्हणून इस्त्री जपून ठेवायची.)

सरकारला मात्र माणसाच्या मनाची फार काळजी. द्वेषातून होणारे गुन्हे मोजायला त्याने वेगळं कार्यालय काढलं आहे. तिथे पंखा चालू असतो, आणि मोजणी अधिकारी आलेल्या माणसाला आधी "बसा" म्हणतात. असा अधिकारी विरळा.

"काका, द्वेष ठरवायचे तीन मार्ग आहेत," ते म्हणाले. "पहिला, आरोपीने कबूल करायचं."

"विचारलंत त्यांना?"

"विचारलं ना. म्हणाले, आमच्या मनात कोणाबद्दल काही नाही. उलट दोघांच्या अंगात तुमच्या मिसेसनी शिवलेले शर्ट होते."

मी मान डोलावली. तिची शिलाई टिकायची.

"दुसरा, ज्याच्यावर गुन्हा झाला त्याने सांगायचं की मला द्वेष जाणवला. बाईंना आणता येईल?"

"ती गेली हो."

"अरेरे. मग 'प्रतिसाद दिला नाही' असं लिहितो."

पद्धत शास्त्रीय आहे. या पद्धतीमुळे असं सिद्ध झालं आहे की द्वेषाचा त्रास शिव्या खाल्लेल्यांना होतो, मार खाल्लेल्यांना थोडा कमी होतो, आणि जिवानिशी गेलेल्यांची आजवर एकही तक्रार नाही.

तिसरा मार्ग साक्षीदाराचा. पेटवताना ते काय ओरडत होते, हे ऐकलेला एक जण हवा. नवरा चालत नाही. शिवाय मी तेव्हा बटणं आणायला गेलो होतो.

समोरच्या वहिनींकडे गेलो. बायकोची त्यांच्याशी घट्ट मैत्री.

"भावजी, गळ्याशप्पथ सांगते, मी भांडी घासत होते. नळाच्या आवाजात काही म्हणजे काही ऐकू आलं नाही."

शेजारचे मास्तर अंघोळीला बसले होते. बेकरीवाला फरशी धूत होता. आमच्या गल्लीत पाणी फक्त सकाळी येतं, पण त्या संध्याकाळी घरोघरी नळ धो धो वाहत होते. एवढ्या पाण्यातली एक बादली दुकानापर्यंत पोचली नाही, हा योगायोग.

वहिनी दारापर्यंत सोडायला आल्या. हळूच म्हणाल्या, "आम्हालाही इथेच राहायचंय हो." (या वाक्यासाठी रकाना नाही.)

साक्षीदार मिळाला नाही. आमच्या विभागात द्वेषाच्या गुन्ह्यांचा आकडा शून्य आला आणि विभागाला सलोख्याची ढाल बक्षीस मिळाली. समारंभाला मलाही बोलावलं होतं. मी टाळ्या वाजवल्या. हॉलमध्ये सगळेच वाजवत होते, एकट्याने हात बांधून बसणं बरं दिसत नाही.

तुम्हाला वाचून वाईट वाटलं असेल, तर आभारी आहे. पण आम्ही नक्की कोणापैकी, हे अजून न कळल्यामुळे तुमचं थोडं अडलंही असेल. ते कळलं असतं तर किती वाईट वाटून घ्यायचं हे ठरवणं सोपं गेलं असतं. कडी घालणाऱ्यांनीही आमच्याबद्दल तेवढंच बघितलं होतं : आम्ही कोणापैकी.

तिच्या मरणाचं कारण तेवढंच, आणि तेच कागदावर लिहायचं राहिलं आहे.