आत्याच्या हातचा बायोडाटा

"माझ्या हातून गेलेला एकही माणूस आजवर वाईट ठरलेला नाही," आत्या म्हणाली आणि बारकीने लिहिलेला बायोडाटा तिने दोन बोटांत धरून बाजूला ठेवला.

ही नुसती बढाई नव्हती. आत्या शहरातल्या वर्तमानपत्रात निधनवार्ता लिहायची, तीही बारकीच्या जन्माआधीपासून. कुणाच्याही घरी असा प्रसंग ओढवला की लोक आधी रडून घेत आणि मग आत्याला फोन करत. जन्मभर शेजाऱ्यांशी भांडत राहिलेले गृहस्थ तिच्या मजकुरात तत्त्वनिष्ठ होऊन निघत, आणि घरातल्या कुणाशीही न बोलणारी बाई मितभाषी. पुढेमागे हिच्याच हातून जायचंय, या हिशेबाने शहरातली म्हातारी माणसं आत्याला रस्त्यात दिसल्याबरोबर हसून नमस्कार करत असत.

बारकी म्हणजे तिची भाची. लहानपणी हे नाव पडलं तेव्हा शोभत होतं. आता ती घरात सगळ्यांत उंच होती, पण चिकटलेलं नाव काही सुटत नाही. तिने स्वतः लिहिलेला बायोडाटा मात्र खरोखरच बारका होता. नाव, पत्ता, शाळा, मग 'प्राण्यांची आवड आहे' आणि शेवटी 'पडेल ते काम करीन'. बाबांनी तो वाचून उलटून पाहिला, मागे काही आहे का म्हणून. त्यांचं बटणांचं आणि अस्तरांचं दुकान होतं. याहून जास्त मजकूर आमच्या बटणांच्या खोक्यावर असतो, असं ते म्हणाले.

बाबांना थट्टा करायला काय जात होतं? टांगणीला लागला होता तो बारकीचा जीव. तिला प्राण्यांची डॉक्टर व्हायचं होतं, आणि तिने दुकानात बसावं असं बाबांना वाटत होतं. या विषयावर घरात इतकी भांडणं झाली होती की शेवटी बाबांनी एक अट घालून टाकली. बसस्थानकामागच्या प्राण्यांच्या दवाखान्यात दर उन्हाळी सुट्टीत एका विद्यार्थ्याला मदतीला घेतात. ती जागा मिळव, सुट्टीभर तिथे टिकून दाखव, मग काय शिकायचं ते शीक. नाही मिळाली, तर गल्ल्यावर येऊन बसायचं आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. अट घालताना बाबा अगदी निर्धास्त होते. घरात पाल निघाली की ही मुलगी पलंगावर चढते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

बारकीने दवाखान्यात फोन केला. डॉक्टरीणबाईंनी नाव विचारून घेतलं, बायोडाटा घेऊन परवा सकाळी ये म्हणाल्या आणि पुढे काही विचारायच्या आत फोन ठेवला. म्हणून तर हे काम आत्याकडे आलं.

आत्याची कामाची एक पद्धत होती. ज्याच्याबद्दल लिहायचं, त्याला ती कधीच काही विचारत नसे; विचारायची सोयच नसे म्हणा. ती घरच्यांना विचारायची. तिने आईला शेजारी बसवलं, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि कामाच्या त्या खालच्या, मऊ आवाजात म्हणाली, "सांग, वहिनी. कशी होती आपली बारकी?"

त्या आवाजापुढे भल्याभल्यांचा धीर सुटायचा, तिथे आईची काय कथा! तिने पदर डोळ्यांना लावला. आपण तापाने फणफणलो होतो तेव्हा ही पोरगी रात्रभर उशाशी बसून होती, सकाळी न झोपता परीक्षेला गेली आणि कुणाला बोललीही नाही, हे तिने हुंदके देत सांगितलं. मग बाबांनीही नाक शिंकरलं. दुकानाच्या पत्र्यावर पडलेलं जखमी कबुतर बारकीने बटणांच्या खोक्यात ठेवून कसं जगवलं होतं, ते त्यांनी सांगितलं. त्या कबुतराने नव्या कोऱ्या अस्तरावर काय करून ठेवलं होतं, तेवढं मात्र त्यांनी सांगितलं नाही.

बारकी दारात उभी राहून हे सगळं ऐकत होती. आईबाबांना आपल्याबद्दल इतकं चांगलं वाटतं, हे तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. तिलाही भरून आलं. थोडक्यात, घरात कुणीही गेलेलं नसताना ती संध्याकाळ सगळ्यांनी रडून काढली.

दुसऱ्या दिवशी आत्याने कचेरीतल्या मशीनवर बायोडाटा तयार करून आणला. मधोमध बारकीचा शाळेतला दोन वेण्यांचा फोटो होता, त्याच्याभोवती जाड काळी चौकट आणि खाली मजकूर:

'शांत, सोशिक व हसतमुख स्वभावामुळे ती सर्वांना हवीहवीशी वाटे. अभ्यासात, विशेषतः गणितात, तिची बुद्धी कुशाग्र होती. मुक्या प्राण्यांवर तिने जिवापाड माया केली. एका जखमी कबुतराला तिने मृत्यूच्या दारातून परत आणले. तिच्या पश्चात आई, वडील व आत्या असा परिवार आहे.'

बारकीने तो पुन्हा पुन्हा वाचला. मग तिने हळूच विचारलं की आत्या, माझ्या पश्चात म्हणजे?

"हाताला वळण पडलंय गं," आत्या म्हणाली. तिने पेन काढून 'पश्चात' खोडलं आणि वर 'घरी' असं लिहिलं. बाकीच्या मजकुराला हात लावायची तिला गरज वाटली नाही, आणि बारकीलाही आत्यापुढे जास्त बोलायचा धीर झाला नाही.

पण घोळ व्हायचा तो आधीच होऊन बसला होता. आत्याने कचेरीत चुकून दोन प्रती छापल्या होत्या. दुसरी मशीनवरच राहिली. तिथून ती पान लावणाऱ्या गृहस्थांच्या हाती पडली. माणूस सालस, कामाला चोख. आत्याच्या मशीनमधून इतक्या वर्षांत एकही जिवंत माणूस बाहेर पडलेला नव्हता, तेव्हा चौकशी कशाला करायची? त्यांनी डोळे पुसले आणि मजकूर पानात लावला. एका ओळीची जागा उरत होती. बाईंच्या घरचंच माणूस, दुःखात विसरल्या असतील, असा विचार करून त्यांनी आपल्या मनाने 'अल्पशा आजाराने निधन झाले' एवढं वर जोडून दिलं.

घरी यातलं काहीच माहीत नव्हतं. आत्या दुपारी कचेरीतून अंक फुकट आणते म्हटल्यावर सकाळी कोण विकत घेणार?

सकाळी बारकी इस्त्रीचे कपडे घालून, बायोडाटा फाइलमध्ये ठेवून निघाली. जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकू वर्तमानपत्र हातात घेऊन वर येत होत्या. बारकीला पाहताच त्या मटकन पायरीवर बसल्या.

"अजून इथेच घुटमळते आहेस होय गं?" त्या कापऱ्या आवाजात म्हणाल्या.

बारकीला वाटलं, आईने काकूंना नोकरीचं सांगितलेलं दिसतंय. निघालेच आहे, असं ती म्हणाली.

"जा हो, सुखाने जा. मागे वळून बघू नकोस. आईची काळजी करू नकोस, मी आहे."

एका सकाळच्या भेटीसाठी एवढी काळजी! काकूंचा आपल्यावर इतका जीव असेल असं बारकीला कधी वाटलं नव्हतं. तिने वाकून काकूंना नमस्कार केला. पायाला खरोखरचा हात लागताच काकू किंचाळल्या, पण तोवर बारकी दोन-दोन पायऱ्या टाकत खाली पोचली होती.

बसथांब्यावर गणिताचे सर उभे होते. त्यांनी बारकीकडे पाहिलं, हातातल्या वर्तमानपत्राकडे पाहिलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा दोन्हीकडे पाहिलं. मग ते पान तिच्यापुढे धरलं. बारकीने आपला फोटो पाहिला आणि खालचा मजकूर वाचला.

"गणितात कुशाग्र असं लिहिलंय," सर म्हणाले, "तेव्हाच मला वाटलं होतं, बातमीत काहीतरी चूक आहे."

बारकीने घरी फोन लावला, पण लागेना. सांत्वनाला सगळं शहर एकदमच लोटलं असणार. परत फिरावं तर दवाखान्याची वेळ टळत होती. आणि डॉक्टरीणबाईंनी हे वाचलं असेल तर? मेलेल्या मुलीला उन्हाळ्यात कामावर कोण घेईल? बसची वाट न पाहता ती धावत सुटली.

डॉक्टरीणबाई एका बोक्याच्या कानात औषध घालायच्या खटपटीत होत्या. बोक्याची मालकीण बाकावर डोळे मिटून बसली होती. दार वाजलं तरी बाईंनी मान वर केली नाही. जागेसाठी आली असशील तर बस, असं त्या म्हणाल्या. एक मुलगी आज यायची होती. पण गेली बिचारी, आजच छापून आलंय. काय मुलगी होती! अशी हजारात एखादी असते. आता कुणालाही घेतलं तरी तिची सर येणार आहे का?

"डॉक्टर, ती मीच," बारकी म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. धावून तिचे केस विस्कटले होते, इस्त्रीची वाट लागली होती आणि चेहरा लाल झाला होता. बाईंनी भिंतीजवळच्या टेबलावर पडलेल्या वर्तमानपत्रातला दोन वेण्यांचा फोटो पाहिला.

"ती शांत होती," बाई म्हणाल्या.

बारकीने फाइलमधला बायोडाटा पुढे केला. त्यातलं आत्याच्या हातचं खोडलेलं 'पश्चात' दाखवलं, आत्याचा धंदा सांगितला, कचेरीत काहीतरी घोळ झाला असणार, असं सांगितलं. बोलता बोलता तिला रडू फुटलं. ती म्हणाली की मी शांतबिंत मुळीच नाही, सोशिकही नाही, गणितात तर काठावर पास झाले आहे. पण कबुतराचं खरं आहे. आणि ही जागा मिळाली नाही तर बाबा मला हे कधीच शिकू देणार नाहीत.

"रडतेस काय? आधी हा बोका धर," बाई म्हणाल्या.

बारकीने बोका धरला. बोक्यानेही बारकीला धरलं, नखांनी, मनगटापासून कोपरापर्यंत. सोशिक व हसतमुख मुलीच्या तोंडून असा एक शब्द निघाला की बोक्याच्या मालकिणीने खाडकन डोळे उघडले. पण औषधाचा शेवटचा थेंब कानात पडेपर्यंत बारकीने हात सैल सोडला नाही.

तेवढ्यात धाडकन दार उघडून बाबा आत आले. एका पायात चप्पल होती, दुसरी वाटेत कुठेतरी राहिली होती. दुकानात शेजारच्या व्यापाऱ्याने त्यांना वर्तमानपत्र दाखवलं होतं. मुलगी सकाळी धडधाकट घराबाहेर पडलेली त्यांनी पाहिली होती, पण मजकूर बहिणीच्या हातचा होता आणि तिच्या हातून जिवंत माणूस छापून आल्याचं त्यांना आठवत नव्हतं. विचार करायच्या आत ते पळत सुटले होते. आता बारकी समोर ओरबाडलेली, बोक्याच्या केसांनी माखलेली उभी होती. त्यांनी तिला बोक्यासकट जवळ घेतलं.

"काय व्हायचं ते हो, पोरी," ते म्हणाले. "प्राण्यांची डॉक्टर हो, नाहीतर आणखी कुणी हो. तू आहेस, एवढं मला पुष्कळ आहे." मग बोक्याने त्यांनाही ओरबाडलं.

बाईंनी दोघांना औषध लावलं आणि ओरडतेस फार, पण सोडत नाहीस, उद्यापासून ये, असं बारकीला सांगून टाकलं.

म्हणजे नोकरी मिळाली आणि बाबांची अटही गेली. आता सुट्टी सुखात जायला काहीच हरकत नव्हती. वर्तमानपत्रानेही आपली चूक दुरुस्त केली. तो मजकूर आत्यानेच लिहायला घेतला होता, पण जिवंत माणसाबद्दल काय लिहावं हे तिला सुचेना. शेवटी 'सदर मुलगी हयात आहे' एवढं एका कोपऱ्यात छापून आलं, आणि ते कुणी वाचलं नाही.

निधनवार्ता मात्र सगळ्यांनी वाचली होती. दवाखान्यात येणारी माणसं आपलं आजारी जनावर खाली ठेवून आधी बारकीला बघत. पेपरातली ती तूच का, असं विचारत. हो म्हटलं की तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळत आणि "बरं, बरं" म्हणून जरा हिरमुसल्यासारखी बाकावर जाऊन बसत. डॉक्टरीणबाईंनी तर ते कात्रण औषधांच्या कपाटावर चिकटवूनच ठेवलं होतं. बारकीच्या हातून बाटली फुटली की त्या बोलत काही नसत, फक्त कपाटाकडे बघून उसासा टाकत. काम रेंगाळलं की मात्र बोलत.

"ती असती," एक दिवस बाई म्हणाल्या, "तर एव्हाना पिंजरे धुऊन झाले असते."

बारकीला त्या मुलीचा मनापासून संताप आला. चांगलं सुनवावं, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलायचं नसतं. आत्याच्या घरात वाढलेल्या मुलीला एवढं तर कळत होतं. तिने बादली उचलली आणि मुकाट्याने पिंजरे धुवायला घेतले.