बांगड्या वेचणारा भाडेकरू

कासार गावातून फिरून गेला की वामनराव हातात रुमाल घेऊन बाहेर पडायचे. वाटेवर, ओट्याखाली, उकिरड्याच्या कडेला फुटक्या बांगडीचा तुकडा दिसला की वाकायचे, उन्हात धरून बघायचे आणि रुमालात टाकायचे. पन्नाशीचा, चष्मा लावणारा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस बायकांच्या बांगड्यांचे तुकडे वेचतोय, हे पाहून कुणाला बरं वाटेल?

तारापूरला वीज केंद्राचं बांधकाम निघालं तेव्हा लांबलांबची माणसं बोईसरला आली. त्यातलेच हे वर्ध्याकडचे. केंद्रात कसल्याशा काचा तपासायच्या कामावर होते. आमच्या चिकूच्या वाडीतली मागची खोली त्यांना भाड्याने दिली होती. "घरचं माणूस?" असं सासूबाईंनी विचारलं तेव्हा "नाही जी," एवढंच म्हणाले. लग्नच केलं नाही की बायको राहिली नाही, ते काही कळलं नाही.

सुट्टीच्या दिवशी भर दुपारी दार लावायचे, खिडकीला घोंगडी टांगायचे. दाराच्या फटीतून जांभळा उजेड दिसायचा.

एकदा माझ्या जावेला विचारलं, "वहिनी, हिरवी एखादी फुटली का जी?" सवाष्णीला कुणी असं विचारतं? ती घाबरून आत आली आणि दोन दिवसांत तापाने निजली.

"करणी हाय ही," सासूबाई म्हणाल्या. "केस, नख, बांगडी, याच्यावरच करतात. खोली खाली कराया सांगते."

जाऊ उठून बसायला लागली तशी एका रविवारी सासूबाई, जाऊ, शेजारच्या दोघी आणि सगळ्यांच्या मागे मी, अशा गेलो. वामनरावांनी दार उघडलं.

"या ना! काहून बाहेर उभ्या?" आम्हाला आत घेऊन त्यांनी दार लावलं.

"दार कशाला लावता?" सासूबाई ओरडल्या.

"त्याशिवाय दिसत नाही जी."

खिडकीवर घोंगडी होतीच. खट्ट आवाज झाला आणि जांभळा दिवा लागला. टेबलावर तुकडे मांडलेले होते. बरेचसे काळेच राहिले, पण चारपाच काजव्यासारखे हिरवे पेटले. एक लालभडक. जावेने माझं मनगट घट्ट धरलं.

"भूत कोंडलंय काय त्यात?" सासूबाईंनी विचारलं.

"भूत नाही काकू, मिसळण आहे. काच वितळवताना कुणी चिमूटभर काही टाकलंय. हा लाल आमच्या कामावरचा. यात दोन जिन्नस. दिव्याचा उजेड घेतो एक, तो देतो शेजारच्याला, आणि पेटतो शेजारचा. साध्या काचेला कितीही उजेड द्या, ती आपली गप्प."

"म्हंजे राबतो एक आन मिरवतो दुसरा," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या घरात रोजचंच हाय!"

अंधारात सगळ्या हसलो.

"मग माझा ताप?" जाऊ पुटपुटली.

"ताप मलाही होता जी. अर्ध्या बोईसरला होता."

सासूबाईंना मात्र कशाला आलो ते आठवलं. "दार उघडा. मला बोलायचं हाय."

"बोला ना. पण चहा घेता घेता बोला." दार उघडून त्यांनी खाटेखालून खोकं ओढलं. गवतात गुंडाळलेल्या सहा कपबशा निघाल्या, निळ्या काठाच्या, अगदी कोऱ्या. एकेका कपाच्या कानात अडकलेलं गवत ते बोटाने काढू लागले.

"कधी घेतल्या?" मी हळूच विचारलं.

"खोली घेतली त्याच दिवशी. म्हटलं, कुणी ना कुणी येईलच."

त्याला दोन वर्षं झाली होती. त्यांनी स्टोव्ह पेटवला, आधण ठेवलं आणि एकदम थांबले. खोलीत दूध नव्हतं.

सासूबाई खाटेच्या कडेवर बसल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघत काय रायलीस? जा, घरातनं दूध आण."