सेन्सरची खंडेनवमी

बिंदुमाधवरावांनी दुकानात सेन्सर बसवायचं ठरवलं ते मनाला स्वस्थता मिळावी म्हणून. (ही स्वस्थता या गोष्टीत पुढे कुठेही भेटणार नाही, तेव्हा इथेच तिचं दर्शन घेऊन ठेवा.)

बेंगळूरच्या शिवाजीनगरात त्यांचं एकतीस वर्षांचं दुकान. साडीचे फॉल, अस्तर, झिपा, लेस आणि बटणांच्या चारशे बरण्या. कुठल्या चोराला रात्रीच्या वेळी चारशे बरण्या बटणं लागतात, हे राव स्वतःही सांगू शकले नसते. पण धास्ती होती. संध्याकाळी शटर ओढायचं, कुलूप लावायचं, बसस्टॉपवर जायचं, तिथून परत येऊन कुलूप ओढून पाहायचं, पुन्हा निघायचं. रोज दोन खेपा, अमावास्येला तीन. बसवनगुडीच्या बसचे कंडक्टर त्यांना चांगले ओळखत, पण पाठमोरे.

अशात पलीकडच्या दुकानात एक वायर जळाली आणि थोडा धूर झाला. थोडाच. पण त्या दिवशी राव जेवताना पानावरून तीनदा उठले. शेवटी वसुमतीबाई म्हणाल्या, "अहो, एक तर पांघरूण घेऊन दुकानातच राहायला जा, नाही तर ते काय मशीन मिळतं ते बसवून सोडा. मला एक घास सुखाने खाऊ द्या."

मशीन बसवायला आशय नावाचा तंत्रज्ञ आला. तो पुण्याचा निघाला. बेंगळुरात घराबाहेर कोणी मराठी बोललं की रावांचा त्याच्यावर आंधळा विश्वास बसतो, त्यामुळे त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही.

"सर, छताला हा स्मोक डिटेक्टर. हा चोवीस तास चालू, धूर झाला की सायरन. कोपऱ्यात हा मोशन सेन्सर. काही हललं की सायरन. शटरवर हा व्हायब्रेशनवाला. कोणी शटर हलवलं की..."

"सायरन," राव म्हणाले.

"करेक्ट. शिवाय तुमच्या फोनवर अलर्ट. बाकीचे दोन दुकान बंद करताना ॲपमधून ऑन करायचे, ॲपमधूनच ऑफ. फक्त मोशन सेन्सरच्या समोर काही हँग करू नका. एक कॅमेरा पण टाकू?"

"कॅमेरा नको," राव घाईने म्हणाले. दुपारी दोन ते तीन काउंटरमागे जे चालतं त्याचं चित्रीकरण व्हावं अशी त्यांची इच्छा नव्हती.

पहिला सायरन पहिल्याच शुक्रवारी वाजला. शुक्रवारी दुकानात सांब्राणीचा धूप फिरवायचा हा रावांच्या वडिलांनी घालून दिलेला शिरस्ता. रावांनी धुपाटणं भक्तिभावाने जरा उंच धरलं आणि छतावरून असा काही आवाज फुटला की समोर लेस निवडणारी बाई लेस टाकून थेट रस्त्यापलीकडे गेली. वरच्या मजल्यावरून घरमालक गुरुप्रसाद धावत उतरले. त्यांची अर्धी दाढी झाली होती आणि अर्ध्या गालावर साबण होता.

"राव्रे, येनायतू? काय झालं?"

"धूप," राव म्हणाले.

दुसरा सायरन मंगळवारी. रावांनी शटर लावलं, ॲप ऑन केलं, बसस्टॉपवर गेले, आणि सवयीने परत येऊन कुलूप दोन्ही हातांनी गदागदा ओढलं. शटरने आपलं काम चोख बजावलं. गुरुप्रसाद या वेळी खाली आले ते हातात काठी घेऊन. ती उगारल्यावर त्यांना समोरच्या माणसाची ओळख पटली.

"दोनदा झालं, राव्रे," ते काठी खाली घेत म्हणाले. "घरात माझी बायको बीपीची पेशंट. या महिनाअखेर तुमचं अग्रीमेंट संपतं. माझा मुलगा इथे कॉफीचं दुकान टाकतो म्हणून कधीचा मागे लागलाय, मीच त्याला स्वल्प थांब म्हणतोय. हे तिसऱ्यांदा बोंबललं तर नवीन अग्रीमेंट नाही. आता तुम्ही बघा."

एकतीस वर्षं रावांनी बटणाला बटण जुळवून देण्यापलीकडे काही केलं नव्हतं, आणि साठीला टेकल्यावर दुसरं काही जमेल असं त्यांना वाटत नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे शपथ घेतली, की यापुढे कुलूप लावल्यावर मागे वळून म्हणून पाहायचं नाही.

दहा-बारा दिवस सुखरूप गेले. मग आली खंडेनवमी, म्हणजे इथली आयुधपूजा. या दिवशी बेंगळुरात बसपासून स्टेपलरपर्यंत सगळ्यांना हार मिळतो. रावांनी ॲप ऑफ केलं, कात्र्या, गज, बिलाचं मशीन आणि कॅल्क्युलेटर ओळीने मांडले, सगळ्यांना हळदकुंकू लावलं. दारात कोहळा फोडला. कापूर लावणार तेवढ्यात वसुमतीबाईंची नजर वर गेली.

"आणि त्यांचं काय हो?"

"कुणाचं?"

"वर बसलेत त्यांचं. दिवसरात्र दुकान राखतात आणि आज सणाच्या दिवशी त्यांचं कपाळ कोरडं?"

राव विचारात पडले. आशय म्हणाला होता, समोर काही हँग करू नका. पण आशय पुण्याचा. त्याला आयुधपूजेतलं काय कळतं? शिवाय कॅल्क्युलेटरला कुंकू आणि राखणदाराला काही नाही, हे मनाला पटेना. आधीच दोनदा रागावलेलं यंत्र, त्याला आणखी दुखवा कशाला? ते स्टुलावर चढले. मोशन सेन्सरच्या कडेला कुंकवाचं बोट टेकवलं, आणि वरच्या खिळ्याला झेंडूची भरगच्च माळ अडकवली. माळ चांगली हातभर खाली लोंबली.

"आता कसा शोभतोय!" वसुमतीबाई म्हणाल्या.

आरती झाली. कापराचा धूर वर चढू लागला तशी रावांनी पंखा फुल सोडला, प्रसाद वाटला, ॲप ऑन केलं आणि शटर ओढलं. पंखा फिरतच राहिला. एरवी बसस्टॉपवरून परत येताना हे ध्यानात आलं असतं. पण शपथ होती. आयुष्यात पहिल्यांदा बिंदुमाधवराव मागे न वळता बसमध्ये बसले, आणि घरी जाऊन त्यांनी हे तीनदा सांगितलं.

दसऱ्याला जेवायला मेहुण्याकडे, येलहंक्याला. वसुमतीबाईंचा धाकटा भाऊ रविकिरण, त्याच्याकडे होळिगे, म्हणजे इथल्या पुरणपोळ्या, उत्तम होतात. रावांनी पहिल्या होळिग्यावर तुपाची धार धरली आणि खिशात फोन थरथरला. 'झोन दोन. हालचाल.'

रात्रभरात सुकून हलकी झालेली माळ आता कुठे पंख्याच्या वाऱ्यावर रंगात येऊन डोलायला लागली होती. (हे तुम्हाला माहीत आहे, रावांना नाही.)

"चोर!" राव उभे राहिले.

"भावजी, आधी सायरन बंद करा," रविकिरण म्हणाला. "गुरुप्रसाद ऐकतील ना!"

रावांनी ॲप ऑफ केलं. खाली बसले. लगेच उठले. "पण खरंच चोर असला तर? मी त्याला सांगितल्यासारखंच झालं की, बाबा रे, सावकाश होऊ दे तुझं!"

"मग ऑन करा."

रावांनी ऑन केलं. फोन थरथरला. झोन दोन, हालचाल. "अरे, अजून आहे तो! आणि वर गुरुप्रसाद ऐकतायत!" त्यांनी ऑफ केलं.

पाच मिनिटांत रविकिरणची गाडी निघाली. पुढे राव, मागे वसुमतीबाई, त्यांच्या मांडीवर होळिग्यांचा डबा. सणाच्या दिवशी हेब्बाळच्या पुलावर निम्मं बेंगळूर उभं होतं. राव मात्र बसल्या जागी उभे होते.

"गुरुप्रसादना फोन करून बघायला सांगू या का?" रविकिरणने विचारलं.

"आणि काय सांगू? तिसऱ्यांदा वाजला म्हणून? अग्रीमेंट जाईल रे!"

"मग ऑफ राहू द्या."

"आणि माल गेला म्हणजे?"

"मग ऑन राहू द्या."

"तू गाडी चालव!" राव ओरडले आणि ऑन केलं. मग ऑफ केलं. मेखरी सर्कलला ऑन, कंटोन्मेंटला ऑफ. वसुमतीबाईंनी मागून शांतपणे एक होळिगे पुढे केलं. "खाऊन घ्या. उपाशीपोटी आणखीच सुचत नाही." रावांनी ते एका हातात धरलं आणि दुसऱ्या हाताने ऑन केलं.

दुकानासमोर माणसांची ही गर्दी! सुट्टीचा दिवस असूनही अर्धा बाजार जमला होता. मध्ये गुरुप्रसाद उभे, या वेळी दाढी पूर्ण झालेली. सायरन ठणाणत होता.

"अकरा वेळा," गुरुप्रसाद म्हणाले. "वाजतो, थांबतो. वाजतो, थांबतो. आम्हाला वाटलं, आतला चोरच बटण शिकतोय."

रावांनी ॲप ऑफ केलं आणि शटर वर केलं. आत कोणी नव्हतं. पंखा गरगर फिरत होता आणि सेन्सरच्या डोळ्यासमोर झेंडूची माळ मजेत हिंदकळत होती. गुरुप्रसादनी माळेकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, कुंकवाकडे पाहिलं, आणि शेवटी रावांच्या हातातल्या होळिग्याकडे पाहिलं. ते चिडले असते तर रावांना बरं वाटलं असतं. ते चिडले नाहीत.

"सोमवारी वर या," ते म्हणाले. "वसुमतीअक्कांना घेऊन या."

सोमवारपर्यंत रावांचा डोळ्याला डोळा लागला नाही. मनातल्या मनात त्यांनी चारशे बरण्या घरी आणून पलंगाखाली रचूनही पाहिल्या, तीनशे मावल्या. वसुमतीबाई मात्र मधल्या दिवसांत होळिग्यांचा डबा घेऊन एकट्याच शिवाजीनगरला जाऊन आल्या. कुठे गेली होतीस म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "बीपीच्या पेशंटला बघायला."

सोमवारी गुरुप्रसादनी टेबलावर कागद ठेवले. नवीन अग्रीमेंट होतं! तीन वर्षांचं! रावांचे डोळे भरून आले, आणि त्या भरल्या डोळ्यांनी त्यांनी पहिली ओळ वाचली. भाडेकरू: श्रीमती वसुमती.

"हे असं का?" राव म्हणाले.

"मी त्या मशीनवाल्याला फोन केला होता," गुरुप्रसाद म्हणाले. "तो म्हणाला, यंत्र शंभर टक्के बरोबर आहे. धूर झाला, त्याने सांगितलं. शटर हललं, त्याने सांगितलं. माळ हलली, त्याने सांगितलं. अण्णा, त्याचं काही चुकलं नाही."

"पण पूजा करा असं हीच म्हणाली!"

"मी पूजा करा म्हटलं," वसुमतीबाई चष्मा लावत म्हणाल्या. "पंखा सोडून या म्हटलं नव्हतं. आणि तो फोन इकडे द्या."

रावांनी फोन दिला. खरं सांगायचं तर दुकान राहिलं याचाच आनंद इतका होता, की नाव कुणाचं याने काही बिघडत नव्हतं. ते खुशीत पुढचं पान वाचू लागले आणि आठव्या कलमापाशी अडखळले. दुकान बंद असताना आवारात आणण्यास सक्त मनाई: एक, गॅसची शेगडी, दोन, रॉकेल, तीन, फटाके, चार, श्री. बिंदुमाधव राव.

"सरी ना? ठीक आहे ना?" गुरुप्रसादनी पेन पुढे केलं. "साक्षीदार म्हणून तुमची सही इथे."