शून्य नासाडीचं तळं

एका जंगलात, बाळांनो, सगळं काही होतं. फक्त धोरण नव्हतं. म्हणून सिंहमहाराजांनी एक काढलं. त्याचं नाव शाश्वत विकास धोरण. शाश्वत म्हणजे काय, ते मला विचारू नका. दरबारातही कुणी विचारलं नव्हतं.

धोरण सोपं होतं. प्रत्येक विभागाने पाण्याची नासाडी दरवर्षी कमी करायची. जो सगळ्यात जास्त कमी करेल, त्याचा सत्कार. जो काहीच कमी करणार नाही, त्याचं तळं पहिल्या आलेल्या विभागाला दत्तक.

जंगलाच्या टोकाला एका तळ्यात कासवअण्णा राहायचे. तिथली रीत फार जुनी. पाणी पाळीपाळीने प्यायचं. पाण्यात लोळायचं नाही. बांधावरचा लव्हाळा उपटायचा नाही, कारण त्याच्या मुळांनीच बांध धरून ठेवला होता. तळं भर उन्हाळ्यातही आटत नसे.

एके दिवशी विभागीय अधिकारी साळिंदरसाहेब तपासणीला आले. पाठीवरच काटे असल्यामुळे त्यांना लेखणी कधी शोधावी लागत नसे.

"गेल्या वर्षी किती नासाडी केलीत?"

"अजिबात नाही, साहेब," अण्णा ऐटीत म्हणाले.

"आणि यंदा?"

"यंदाबी नाही."

साहेबांचा चेहरा पडला. "म्हणजे घट काहीच नाही! अहो, त्या रानडुकरांकडून शिका. लोळून लोळून तळ्याचा चिखल केला होता त्यांनी. यंदा निम्मेच दिवस लोळले. साऱ्या जंगलात पहिले आले!"

"पण आमचं तळं भरलेलं हाय की!"

"भरलेल्या तळ्यासाठी रकाना नाही हो." साहेब तसे वाईट नव्हते. त्यांनी कागद उलटूनसुद्धा पाहिला.

तळं डुकरांकडे जाणार म्हटल्यावर अण्णा साहेबांच्या वाटेतच बसले. या वयात चालत दुसरं पाणी गाठणं त्यांना जमणार नव्हतं.

साहेबांना दया आली. "असं करा. यंदा तपासणी झालीच नाही, असं मी लिहितो. वर्षभर मनसोक्त नासाडी करा. पुढच्या वर्षी थांबवा. मग घटच घट!"

तळ्यावरचे सगळे जमले. पाणकोंबडी म्हणाली, "अण्णा, आपल्याला जमंल का नासाडी? कधी केली नाही."

खरंच जमेना. पहिल्या दिवशी प्रत्येकाने चोचभर पाणी सांडलं आणि लाजून मान खाली घातली. शेवटी तज्ज्ञ म्हणून रानडुकरांनाच बोलवावं लागलं. ती सहकुटुंब आली. दिवसभर लोळली. लव्हाळा मुळासकट खाल्ला. अण्णा सगळ्यांना समजावत राहिले, "एका वर्षाचाच तर प्रश्न हाय."

एका सकाळी बांध फुटला. तळं ओढ्याने वाहून गेलं. डुकरं अनुभवी होती, ती आदल्या दिवशीच निघून गेली होती.

पुढच्या वर्षी साहेब आले. "यंदा किती नासाडी?"

"नासायला राहिलंय काय, साहेब?"

साहेबांनी पाठीवरचा काटा उपटून लिहिलं : नासाडी शून्य, घट शंभर टक्के. त्यांचे डोळे भरून आले. एवढी घट त्यांच्या उभ्या नोकरीत कुणी केली नव्हती.

सत्काराला महाराज जातीने आले. भेगाळलेल्या तळ्यात मांडव पडला. अण्णांना शाल मिळाली, नारळ मिळाला. अण्णांनी नारळ कानाशी धरून हलवला. आत पाणी होतं. पण तो फोडायचा नव्हता, पुढच्या सत्काराला लागणार होता.

"बोला अण्णा, काय हवं ते मागा!" महाराज म्हणाले.

"घोटभर पाणी, महाराज."

महाराज गहिवरले. "पाहिलंत? पहिला नंबर येऊनही मागणं घोटभरच! यालाच म्हणतात शाश्वत विकास!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या गडबडीत पाणी द्यायचं राहूनच गेलं. मला अण्णांचं फार वाईट वाटतं, बाळांनो. पण कागदावर ते पहिले आहेत.

तात्पर्य : लहानपणीच भरपूर दंगा करून ठेवा. पहिल्यापासून शहाण्यासारखं वागणाऱ्याला सुधारायला जागाच उरत नाही.