थकबाकीदाराचे वडील

माझ्या मुलाला तुम्ही अटक का करत नाही, अशी तक्रार घेऊन पोलिसांकडे जाणारा बाप मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आमच्या समोरच्या दारातले नाना. चौकीतल्या माणसाला आधी वाटलं, म्हातारबुवांचा काहीतरी गोंधळ झालाय. त्याने पाणी दिलं, खुर्ची दिली आणि मायेने विचारलं, "काका, मुलगा हरवलाय का?"

"हरवलेला नाही. लपलाय," नाना म्हणाले. "बायकोची पोटगी थकवून."

नानांची नोकरी नगरपालिकेत, मालमत्ता कराच्या वसुलीत गेली. निवृत्त होऊन जमाना झाला, पण वसुली काही अंगातून गेली नाही. त्यांच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची, भरणारी आणि थकबाकीदार. मी एकदा त्यांच्याकडून विरजण आणलं आणि भांडं परत करायचं विसरले, तर जिन्यात चारचौघांत म्हणाले, "शुभा, तू एका वाटीची थकबाकीदार आहेस हं." त्या दिवसापासून आमच्या मजल्यावर कोणी नानांकडून काही मागत नाही. त्यांची बायको, लीलाकाकू, म्हणायची, "आमच्या लग्नात माझ्या वडिलांकडून यांच्या मामांना मानाचा टॉवेल द्यायचा राहिला. बाबा गेले, मामा गेले, पण टॉवेल अजून येणे आहे."

अशा माणसाच्या पोटी समीर जन्मावा, यालाच नशीब म्हणायचं. एकुलता एक, हुशार, ठाण्याला चांगल्या पगाराची नोकरी. लीलाकाकू अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली तेव्हा सून अनघाने शाळेतली नोकरी सोडली आणि सासूचं शेवटपर्यंत सगळं केलं. समीरला मात्र घरात घुसमटायला लागलं. तो ठाण्याला भाड्याच्या फ्लॅटमध्ये गेला तो गेलाच. त्या दोघांचं नक्की कुठे बिनसलं ते मला सगळं माहीत आहे, कारण समोरासमोर दारं असली की काही लपत नाही. पण ते इथे सांगणार नाही. एवढंच सांगते की दोष अनघाचा नव्हता.

अनघा इथेच, डोंबिवलीत राहिली, नानांकडे. आणि तिला हाताला धरून वकिलाकडे नेणारे नानाच. कल्याणच्या कोर्टाने दरमहा पोटगी द्यायचा आदेश दिला. समीरने सुरुवातीला थोडे महिने भरली, मग बंद केली.

मी एकदा नानांना म्हटलं, "तुमची पेन्शन आहे ना? कशाला या वयात कोर्टाच्या पायऱ्या चढता?"

नाना माझ्याकडे असे बघत राहिले की मला ती वाटी आठवली. "अगं, माझी पेन्शन माझ्याबरोबर जाणार. मी डोळे मिटले की अनघा कोणाच्या तोंडाकडे बघणार? आणि मी देतो ती झाली माया. कोर्टाने लिहून दिलाय तो तिचा हक्क. माया आटली तर दाद कुठे मागणार?"

मग काय, प्रत्येक तारखेला नानांची स्वारी कल्याणला. कोर्टाची बाकडी कडक असतात म्हणून घरून उशी न्यायचे, फुलाफुलांच्या अभ्र्याची. बाकीचे पक्षकार फायली घेऊन बसलेले आणि आमचे नाना उशीवर. एकदा न्यायाधीशबाईंनी विचारलं, "आजोबा, तुम्ही कोण?" नाना उठून म्हणाले, "मी सामनेवाल्याचा बाप. पण अर्जदाराकडून आलोय." सगळं कोर्ट हसलं. समीरचा वकील सांगायला लागला की आपल्या अशिलाची परिस्थिती फार हलाखीची आहे. तेव्हा नानांना राहवेना. "मॅडम, त्याचे बूट बघा. परिस्थिती आमच्या काळी पायात दिसायची!" त्यांना गप्प बसायला सांगितलं गेलं. पण बाईंनी टेबलावरून वाकून बूट पाहिले, असं नाना शपथेवर सांगतात.

पुढे समीर तारखांना यायचाच बंद झाला. कोर्टाने वसुलीचं वॉरंट काढलं, भरत नसेल तर धरून आणा असं, आणि खरी गंमत तिथे झाली. समीरने ठाण्यात घरं बदलली होती. कागदोपत्री कायमचा पत्ता म्हणजे नानांचं घर. त्यामुळे बापाने मागे लागून काढायला लावलेलं वॉरंट बापाच्याच दारात आलं.

ते घेऊन आले हवालदार म्हात्रे. इथल्याच गावातले, अंगाने भरभक्कम आणि स्वभावाने गरीब. "समीर इथंच रव्हतात ना, काका?"

"राहत नाही. पण तुम्ही आत या. शोधा."

"नाय बोलताय ना तुमी? मंग झालं. तसं लिवतो मी."

"असं कसं? मी बाप आहे त्याचा, खोटं बोलत असेन! कपाट उघडा. पलंगाखाली बघा." नानांनी म्हात्र्यांना संडास-बाथरूमसकट सगळं घर पाहायला लावलं. म्हात्रे बिचारे पलंगाखाली वाकले आणि त्यांना उठवायला आम्हाला हात द्यावा लागला. वॉरंट परत गेलं. 'पत्त्यावर मिळून आला नाही.' पुढच्याही खेपेला तेच. मग नाना स्वतः शोधायला निघाले. समीर ठाण्यात कोपरीला एका मित्राकडे असतो असं कळलं, तर त्या इमारतीखाली सकाळपासून उशी टाकून बसले. वॉचमनने दोनदा चहा पाजला, समीर मागच्या फाटकातून गेला.

एव्हाना अनघाची अवस्था वाईट झाली होती. तिला पुन्हा शाळेत लागायचं होतं, त्यासाठी राहिलेलं शिक्षण पुरं करायचं होतं, आणि फी भरायची मुदत जवळ येत होती. नानांचे पैसे ती घेईना. सासूच्या औषधांत त्यांचं काय काय मोडलं गेलं ते तिने पाहिलं होतं. ती म्हणायला लागली, "जाऊ दे नाना, सोडून देऊ."

अशात लीलाकाकूचं वर्षश्राद्ध आलं आणि समीरचा फोन आला. कित्येक महिन्यांनी. "बाबा, आईचं मी करणार. येऊ ना? पोलीस नाहीत ना बोलावलेत?"

नाना खोटं बोलत नाहीत. "अजून नाही. पण बोलावणार आहे. घर तुझं आहे, ये. वॉरंटही याच पत्त्यावर आहे."

समीर हसला म्हणे. त्याला वाटलं, बाबा चेष्टा करतायत. बापाने जन्मात चेष्टा केलेली नाही, हे पोराला कळू नये?

अनघा माझ्यासमोर नानांना म्हणाली, "त्या दिवशी नको हो. आईंचा दिवस आहे." नाना संध्याकाळी पायात चपला सरकवून चौकीवर जाऊन आले.

श्राद्धाच्या दिवशी मी त्यांच्या स्वयंपाकघरात वडे तळत होते. समीरने सोवळं नेसून सगळं नीट केलं. पिंड दिल्यावर तो आईच्या फोटोपुढे वाकला तो बराच वेळ उठला नाही. मला त्याचा राग होता, पण त्या क्षणी वाईट वाटलं, खोटं का बोलू? गुरुजी जेवून गेले, घरची पानं मांडली आणि बेल वाजली. दारात म्हात्रे, बरोबर एक शिपाई.

नाना दार अर्धवट लोटून बाहेर गेले. "तो जेवायला बसलाय. जेवण होऊ द्या त्याचं."

"श्राद्धाचा मानूस भरल्या पानावरून उचलायला मला तरी कुठं बरं वाटतंय, काका?" म्हात्रे म्हणाले. त्यांना आमच्या हॉलमध्ये बसवलं. मी वडे नेऊन दिले. ड्युटीवर आहे म्हणून नको म्हणाले, मग दोघांनी ताटली पुसून काढली.

मी परत आले तर नाना वाढत होते. लीलाकाकू गेली तोवर या माणसाने पाण्याचा तांब्या हाताने घेतला नव्हता. आता खिरीचं पातेलं घेऊन पोराच्या पानाशी ओणवे. "अजून घे."

"पुरे, बाबा."

"वडा घे. गरम आहे." वडा संपला की आमसुलाची चटणी, ती संपायच्या आत पुन्हा खीर. मी आणि अनघा ओट्याशी उभ्या होतो. समीरला वाटत होतं, बाबा विरघळले. आम्हाला दिसत होतं की ते जेवण संपू नये म्हणून वाढतायत. अनघाने तोंडाला पदर लावला.

शेवटी समीरने हात धुतले. नानांनी टॉवेल दिला आणि म्हणाले, "समीर, शुभाकडे हवालदार बसलेत. मी बोलावलंय."

समीर टॉवेल हातात धरून उभाच राहिला. "जेवायला घालून पकडून देताय?"

"उपाशी कसा देऊ?" नाना म्हणाले.

आरडाओरडा झाला नाही. समीरने अनघाकडे पाहिलं, तिने नजर खाली घातली नाही. म्हात्रे त्याला कल्याणला घेऊन गेले. मागच्या रिक्षात अनघा, नाना आणि माझा नवरा. न्यायाधीशबाईंनी सरळ विचारलं, भरता की आत जाता? समीरने तिथेच फोनवरून सगळी थकलेली रक्कम अनघाच्या खात्यावर पाठवली आणि कोणाशीही न बोलता निघून गेला.

तिन्हीसांजेला मी डबा घेऊन गेले. नाना सकाळपासून जेवले नव्हते. मला वाटलं होतं, जन्मातली सगळ्यात मोठी वसुली केली, माणूस खुशीत असेल. अनघाने पान वाढलं. नानांनी भात कालवला आणि तसेच बसून राहिले.

"अनघा, फी भरलीस?"

"भरली, नाना. आत्ताच."

"छान झालं." घास काही उचलेनात. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "शुभा, पुढच्या वर्षी येईल ना गं तो? आईसाठी तरी?"

मी पाण्याचा तांब्या त्यांच्याजवळ सरकवला. अनघा त्यांच्या शेजारी पाटावर बसली.

"येतील. मी फोन करीन ना त्यांना. मी बोलावलं तर येतील."

नानांनी मान हलवली आणि कालवलेल्या भातावर टपटप पाणी पडायला लागलं. अनघाने ते पान बाजूला सारलं आणि दुसरं वाढायला उठली.